मुरघास, जीएम मका आणि आपली दुभती जनावरं

सकाळच्या धारा झाल्या असतील, दूध डेअरीवर पोचलं असेल, आता कुठे दोन घोट चहा घ्यायला बसला असाल. आज आम्ही आमच्याच एका चुकीपासून सुरुवात करणार आहोत. चूक आमची होती आणि भुर्दंड मात्र दुसरीला पडला, म्हणून ती सांगितलीच पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला. ‘मुरघासाचा मका जीएम असतो. तो खाऊन गाई गाभडतात, दुधातून विष उतरतं, मुलांना देऊ नका.’ खाली एका मेलेल्या गाईचा फोटो. गटांचं काम बघणाऱ्या आम्ही बाया दिवसभरात कितीतरी मेसेज पुढे पाठवतो. बँकेचा, शिबिराचा, लसीकरणाचा. त्याच हाताने हाही पाठवला. अर्धाच वाचून पाठवला.

आमच्या एका गटातल्या वहिनींनी गटाच्या कर्जातून दोन गाई घेतल्या आहेत. त्यांच्याकडे पन्नास किलोच्या ऐंशी पिशव्या मुरघास होता, म्हणजे चार टन. दोन गाईंना मिळून रोज पस्तीस किलो धरला तर जवळजवळ चार महिन्यांची वैरण. मेसेज वाचून वहिनी घाबरल्या. एक गाय सात महिन्यांची गाभण. त्यांनी चाळीस पिशव्या उकिरड्यावर नेऊन रिकाम्या केल्या. साडेसहा रुपये किलोने घेतलेला माल होता, तेरा हजार रुपये मातीत गेले. मग ऐन उन्हाळ्यात महागाचा कडबा घ्यायला त्यांनी दोन शेळ्या विकल्या. आम्हाला कळलं तेव्हा शेळ्या बाजारात जाऊन आठ दिवस झाले होते.

त्याच सुमारास दुसऱ्या गटातल्या एका आक्कांची गाय खरंच आजारी पडली. बारा लिटरवरून सात लिटरवर आली, पातळ शेण टाकायला लागली, वैरणीला तोंड लावेना. आक्का म्हणाल्या, ‘बघा, जीएम मका.’ पशुवैद्यक डॉक्टर आले. त्यांनी गाय तपासली आणि म्हणाले, ‘मुरघासाची पिशवी दाखवा.’ पिशवी लिंबाखाली उघड्यावर रचलेल्या थप्पीतली. उंदरांनी खालून कुरतडलेली. हात घातला तर आत गरम, आणि मुठीएवढे काळपट हिरवे गोळे. ‘हे घातलं का?’ आक्का म्हणाल्या, ‘वरचं काढून टाकलं, खालचं घातलं.’ डॉक्टर म्हणाले, ‘मका कुठला ते नंतर बघू. आधी ही बुरशी बघा.’

ती थप्पी लिंबाखाली रचायला आम्हीच सांगितलं होतं. गटाने एकत्र माल घेतला, ठेवायला जागा नव्हती, म्हणालो राहू दे सावलीला.

म्हणून त्या दिवसापासून आम्ही माहिती गोळा करायला बसलो. डॉक्टरांना विचारलं, कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आलो, वाचलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

जीएम म्हणजे काय

प्रत्येक झाडात, जनावरात, माणसात जनुकं असतात. गाईचा रंग, मक्याची उंची, लेकीचे आईसारखे डोळे, हे सगळं जनुकांतून उतरतं. दोन जातींचा संकर करून आपण हायब्रीड बियाणं करतो, त्यात मक्याची मक्याशीच सोयरीक असते. जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या बियाण्यात, एखादं जनुक प्रयोगशाळेत बाहेरून आणून बसवतात. ते दुसऱ्याच जिवाचंही असू शकतं.

हायब्रीड आणि जीएम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या गटात निम्म्या बायांना त्या एकच वाटत होत्या, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

जीएम मक्याचे मुख्य दोन प्रकार. पहिला बीटी मका. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचं जनुक त्यात घातलेलं असतं. त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होतं आणि ते खाल्लं की खोडात, कणसात शिरणारी अळी मरते. दुसरा तणनाशक सहन करणारा मका. त्यावर ठरावीक तणनाशक फवारलं तर तण जळतं आणि मका उभा राहतो. आता बऱ्याच वाणांत दोन्ही गुण एकत्र असतात.

अमेरिकेत बीटी मका 1996 पासून शेतात आहे. आज तिथल्या मक्याच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र जीएम वाणांचं आहे. तिथल्या मोठमोठ्या गोठ्यांत गाईंना वर्षभर मक्याचा मुरघास घालतात, म्हणजे त्या गाई पिढ्यान्‌पिढ्या जीएम मुरघासच खात आल्या. ब्राझील, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिकेतही जीएम मका आहे. युरोपात स्पेनमध्ये बीटी मका पिकतो.

मग आपल्या पिशवीतला मका?

आता आपल्या घरचं. भारतात जीएम मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. चाचण्या झाल्या आहेत, पण दुकानातून बियाणं आणून पेरायला मान्यता मिळालेली नाही. आपल्याकडे मुरघासासाठी जो उंच, भरघोस मका पेरतात तो हायब्रीड असतो. वहिनींनी उकिरड्यावर ओतला तोही हायब्रीडच होता. ज्या शेतकऱ्याच्या रानातून तो आला त्याच्याकडे बियाण्याची पावती आणि पिशवी दोन्ही होत्या. एक फोन केला असता तर कळलं असतं.

पण बायांनो, गोष्ट इथेच संपत नाही. जीएम पिकाचा खाद्य म्हणून वापर आपल्या गोठ्यात वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे, फक्त तो मक्यातून नाही. सांगा बघू कशातून?

सरकी पेंडीतून.

बीटी कपाशीला भारतात 2002 साली परवानगी मिळाली. आज देशातल्या कपाशीच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटी आहे. कपाशीची सरकी निघते, सरकीचं तेल निघतं आणि उरते ती पेंड. धार काढताना गाईपुढे पाटी ठेवतो ती त्याच पेंडीची. सरकीचं तेल तर फरसाणात आणि तळणात आपणही खातो. बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, ‘अगं मग ज्याला घाबरलो ते कधीच घरात शिरलं की!’

म्हणून ‘जीएम खाऊन गाईला काय होतं’ हा प्रश्न अमेरिकेचा म्हणून सोडून चालत नाही. तो आपलाही आहे.

गाईच्या पोटात काय होतं

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पहिल्या मोठ्या पोटाला कोटीपोट म्हणतात. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव वैरण कुजवतात. पुढे चौथ्या पोटात आम्ल असतं. वैरणीतलं बहुतेक प्रथिन तुटून त्याचे बारीक तुकडे होतात आणि त्यातून गाय स्वतःचं प्रथिन बनवते. जनुकांचंही तसंच. कडबा असो, घास असो, गवत असो, प्रत्येक घासात त्या झाडाची जनुकं असतातच. आजवर गाईने इतकं गवत खाल्लं, म्हणून गाय हिरवी झाली नाही. बाहेरून बसवलेलं जनुकही बाकीच्या जनुकांसारखंच पचतं.

बीटी प्रथिन अळीला का मारतं? अळीच्या आतड्यात आम्लाच्या उलट, खारवट वातावरण असतं आणि तिच्या आतड्याला ते प्रथिन चिकटायची खास जागा असते. कुलूप आणि किल्ली म्हणा. गाईच्या, माणसाच्या आतड्यात ते कुलूपच नाही.

हे नुसतं तोंडी सांगणं नाही, तपासून पाहिलेलं आहे. जर्मनीत म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने 36 दुभत्या गाई घेतल्या. निम्म्यांना बीटी मक्याचं खाद्य, मुरघासासकट. निम्म्यांना तसाच पण साधा मका. असं 25 महिने चाललं. मग दूध, रक्त, लघवी, शेण सगळं तपासलं. शेणात बीटी प्रथिनाचे तुकडे सापडले. दुधात, रक्तात, लघवीत ते सापडलं नाही. आपल्या देशात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत संकरित गाईंना बीटी कपाशीची सरकी घालून दूध तपासलं. तिथेही दुधात ते प्रथिन मिळालं नाही.

2014 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या जनावरांच्या कत्तलखान्यातल्या आणि दूध उत्पादनाच्या नोंदी एकत्र केल्या. 1996 च्या आधीची साधं खाद्य खाणारी जनावरं आणि नंतरची जीएम खाद्य खाणारी, मिळून शंभर अब्जाहून जास्त. त्यात बहुतेक कोंबड्या होत्या, पण दुभत्या गाईही होत्या. जीएम खाद्य आल्यावर आजारपण वाढलं, असं त्या नोंदींत दिसलं नाही.

कुणी विचारेल, मग वरंगळच्या मेंढ्यांचं काय? बरोबर आहे, तो प्रश्नही टाळायचा नाही. 2006 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या वरंगळ भागात वेचणी झालेल्या बीटी कपाशीत चरलेल्या मेंढ्या मेल्या, असं धनगर बांधवांनी सांगितलं. त्यांचं नुकसान खरंच होतं. सरकारी तपासणीत बोट गेलं ते नायट्रेट, सायनाइड आणि फवारलेल्या कीटकनाशकाच्या अंशाकडे. काही संस्थांना ते पटलं नाही, वाद चालू राहिला. आपण त्यातून एवढं नक्की घ्यावं की नुकतं फवारलेलं रान, मग ते कुठल्याही बियाण्याचं असो, जनावरांना चरायला मोकळं सोडायचं नाही. कोवळी ज्वारी खाल्ली की किराळ लागते हे आपल्या आजीलाही माहीत होतं. तिला जीएम हा शब्दही माहीत नव्हता.

जीएमबद्दल प्रश्न विचारायचेच नाहीत का?

विचारायचे. पण योग्य जागी विचारायचे. गाईच्या पोटापेक्षा आपल्या रानात आणि पाकिटात त्या प्रश्नांचं मूळ जास्त आहे.

बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, त्याची किंमत कोण ठरवणार? एकच हत्यार वर्षानुवर्षं वापरलं की कीड त्याला सरावते. बीटी कपाशीचं हेच झालं. गुलाबी बोंडअळी सरावली आणि 2017 साली महाराष्ट्रात तिने कपाशीची बोंडं आतून खाऊन टाकली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते दुःख अजून ताजं आहे. मक्याचे परागकण वाऱ्याने उडतात, मग शेजारच्या रानातल्या देशी मक्याचं काय?

आणि एक प्रश्न खास आपला. तणनाशक सहन करणारं पीक आलं की खुरपणी कमी होते. शेतकऱ्याचा खर्च वाचतो हे खरं. पण खुरपणीला जातं कोण? आपणच. ती मजुरी कुणाच्या घरातून कमी होणार? मक्याच्या परवानगीची चर्चा कधी गावात आली तर ग्रामसभेत हा प्रश्न बायांनीच मांडावा, पुरुष मांडणार नाहीत.

असे प्रश्न असताना ‘दुधातून विष उतरतं’ असला खोटा मेसेज पसरवला तर आपले खरे प्रश्नही लोक हसण्यावारी नेतात. ते नुकसान तेरा हजारांपेक्षा मोठं आहे.

दुधातून खरंच काय उतरतं

आता आक्कांच्या पिशवीकडे येऊ. दुधातून विष उतरू शकतं हे खरं आहे. पण ते येतं बुरशीतून.

ओलसर दाणे, ओली पेंड, भिजलेली कुट्टी, हवा शिरलेला मुरघास यांवर काही जातींच्या बुरशी वाढतात आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. गाईने ते खाल्लं की त्याचा काही भाग रूप बदलून एक-दोन दिवसांतच दुधात येतो. दूध उकळून ते जात नाही. दह्यात, खव्यातही राहतं. ते यकृतावर घाव घालतं, आणि सगळ्यात जास्त धोका दूध पिणाऱ्या लहान मुलांना. आपल्या देशात दुधातल्या या विषाची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हजार किलो दुधात अर्धा मिलिग्रॅम. यावरून कळेल ते किती जहाल असतं.

2018 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यातल्या 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघालं. भेसळीचे मेसेज आपण रोज वाचतो, पण भेसळीने धोकादायक ठरलेले नमुने त्या तपासणीत याहून खूप कमी होते. दुधातल्या या विषाचा रस्ता आपल्या गव्हाणीतून जातो. आणि गव्हाणीत वैरण कोण टाकतं? आपणच. म्हणजे तो रस्ता बंद करणंही आपल्याच हातात आहे.

गंमत बघा, कणीस अळीने पोखरलं की त्या जखमेतून बुरशी शिरते. त्यामुळे बीटी मक्यात काही बुरशींचं विष कमी आढळतं. आपल्याकडे बीटी मका नाही, आणि 2018 पासून लष्करी अळी आली आहे. म्हणजे आपल्याला पोखरलेल्या कणसाकडे जास्तच लक्ष दिलं पाहिजे.

दुसरा धोका फवारणीचा. लष्करी अळीसाठी मक्यावर औषध मारलं जातं. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस पीक कापायचं नाही ते लिहिलेलं असतं. मुरघासासाठी मका विकत घेताना शेतकऱ्याला विचारा, ‘दादा, शेवटची फवारणी कधी आणि कशाची?’ हे विचारायला लाजायचं नाही. आपण पैसे मोजतो.

चांगला मुरघास कसा ओळखायचा

आमच्या गटांनी आता हे पाठ केलं आहे.

रंग पिवळसर हिरवा किंवा सोनेरी हवा. काळा, गडद तपकिरी किंवा पांढऱ्या जाळीचा नको.

वास आंबट-गोड हवा, आंबिलीसारखा. सडका, कुबट किंवा खवट वास आला तर घालू नका.

हात घातला तर आत गार लागला पाहिजे. गरम लागला म्हणजे हवा शिरली.

मुठीत दाबला तर पाणी गळू नये, आणि मूठ उघडल्यावर कोरडा भुसाही उडू नये.

करताना मका दुधाळ आणि टणक याच्या मधल्या अवस्थेत कापायचा, दाणा अर्धा पिवळा टणक आणि अर्धा चिकात असताना. कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची. पिशवी असो की खड्डा, थर देऊन तुडवून तुडवून हवा काढायची. मुरघासाचा सगळा जीव हवाबंद ठेवण्यात आहे. हवा नसली की आंबवणारे जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात वैरण टिकते, लोणचं टिकतं तशी. किमान 45 दिवस उघडायचं नाही.

ठेवताना पिशव्या लाकडी फळ्यांवर, छपराखाली. उंदरांसाठी आठवड्याला एक फेरी. भोक दिसलं तर त्याच दिवशी चिकटपट्टी. उघडलेली पिशवी दोन दिवसांत संपवायची, म्हणून एकाच गाईवाल्या दोघींनी मिळून एक पिशवी उघडली तरी चालतं.

बुरशीचा गोळा दिसला तर नुसता गोळा काढून बाकीचं घालायचं नाही. बुरशीचे धागे डोळ्याला दिसतात त्याहून लांब पसरलेले असतात. आजूबाजूचा भरपूर भाग काढून टाका, आणि पिशवीभर पसरली असेल तर सगळी पिशवी टाका. तिथे जीव तुटला तरी चालेल. गाभण गाईला आणि शेळीला तर संशयाचा मुरघास मुळीच नको. खराब मुरघासातून शेळ्या-मेंढ्यांना मेंदूचा एक आजार होतो. शेळी मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरायला लागते. असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

घालताना सुरुवात दोन-तीन किलोंनी, आठ-दहा दिवसांत वाढवत मोठ्या गाईला पंधरा ते वीस किलोंपर्यंत. सोबत कडबा किंवा सुकी वैरण हवीच, नाहीतर पोटात आम्ल वाढतं. सरकी पेंडही बेताने. सरकीत मुळातच गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, बीटी असो वा साधी. रवंथ सुरू न झालेल्या लहान वासराला, करडाला ती घालू नका.

आणि गाय गाभडलीच, तर मेसेजमध्ये कारण शोधू नका. त्याची कारणं अनेक आहेत. त्यातला ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. वार, पडलेलं वासरू उघड्या हाताने उचलू नका, हातमोजे किंवा जाड प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला, खोल पुरा आणि डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. हे काम घरात बाईच करते, म्हणून बाईलाच सांगतो आहोत.

वहिनींचं पुढे काय झालं

आक्कांची गाय खराब मुरघास बंद केल्यावर आणि औषधपाण्यानंतर पंधरा दिवसांत दहा लिटरवर आली. वहिनींची गाय वेळेवर व्याली, कालवड झाली. उरलेल्या चाळीस पिशव्या त्यांनी तपासून तपासून घातल्या, दोन टाकून दिल्या. पण शेळ्या गेल्या त्या गेल्या.

आम्ही गटाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की मेसेज आम्ही पाठवला होता. वहिनी काही बोलल्या नाहीत. मग त्यांनीच सुचवलं की इथून पुढे जनावरांच्या औषधाचा, खाद्याचा मेसेज आला तर आधी डॉक्टरांना विचारायचं, मग पाठवायचा. ठराव वहीत लिहिला. त्यांच्या कर्जाचे दोन हप्ते गटाने पुढे ढकलले आणि त्या दोन महिन्यांचा व्याजाचा भार आम्ही समन्वयकांनी आमच्या मानधनातून उचलला. ते काही मोठं केलं नाही. चूक आमची होती.

2018-19 च्या दुष्काळात छावणीत जनावरं घेऊन राहिलेल्या बाया आपल्यात आहेत. त्यांना माहीत आहे की एप्रिलमध्ये दारात वैरण असणं म्हणजे काय. मुरघास ही आपल्यासाठी तीच बेगमी आहे. भीतीने ती उकिरड्यावर ओतायची नाही आणि आळसाने तिला बुरशी लागू द्यायची नाही.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी धारेच्या आधी एक काम करा. मुरघासाची पिशवी उघडा, हात आत घाला, बाहेर काढून वास घ्या. आंबिलीचा वास आला तर निर्धास्त घाला. नाही आला तर शेजारणीला बोलवा आणि दोघी मिळून ठरवा. पुढच्या बैठकीत काय सापडलं ते सांगा, आम्ही वहीत लिहून घेऊ.